वादळातली काळजी : झोरा नील हर्स्टनच्या कादंबरीच्या निमित्ताने

दलित साहित्याची चर्चा करताना आपण काही शब्द ठरल्यासारखे वापरतो. वेदना, विद्रोह, नकार. हे शब्द कुणी आपल्याला उसने दिलेले नाहीत. त्यांच्यामागे महाडचे तळे आहे, काळाराम मंदिराची पायरी आहे, नामांतराची सोळा वर्षे आहेत. त्या शब्दांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या बाहेर राहून गेलेल्या एका साध्या शब्दाविषयी. तो शब्द म्हणजे काळजी. घरची माणसे कशी असतील, छप्पर राहिले असेल का, म्हातारी वेळेवर बाहेर पडली असेल का, ही काळजी.

मागे एका चर्चासत्रात एका विद्यार्थिनीने पुरात अडकलेल्या आपल्या आईवरची कविता वाचली. अध्यक्षस्थानी असलेल्या ज्येष्ठांनी कौतुक केले आणि मग विचारले, "पण यात दलित काय आहे?" मुलगी गप्प बसली. सभागृहातल्या काहींनी माना डोलावल्या. तो प्रश्न मला हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. पांढरपेशी समीक्षा अशा कवितेला 'सनातन मानवी भावना' म्हणून गौरवील, कारण तिच्या मते वादळापुढे राजा आणि रंक सारखेच. आमचा समीक्षक तिला घरगुती म्हणून बाजूला ठेवील. पहिला डोक्यावर घेतो, दुसरा दाराबाहेर ठेवतो. पण काळजीला जात नसते, वस्ती नसते, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. हे गृहीत खोटे आहे असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी मी अमेरिकेतल्या काळ्या लेखकांकडे वळते, कारण चक्रीवादळ ही गोष्ट त्यांच्या साहित्यात जितकी ठसठशीत आली आहे तितकी आपल्या साहित्यात अजून आलेली नाही.

काळ्या साहित्याशी आपले नाते जुने आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा नावच ब्लॅक पँथरवरून घेतले गेले. डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी अमेरिकन निग्रो साहित्याचा परिचय मराठीला करून दिला. पण त्या साहित्यातून आपण प्रामुख्याने संताप उचलला. रिचर्ड राइट आपल्याला जवळचा वाटला. झोरा नील हर्स्टन ही बाई मात्र आपल्या चर्चेत फारशी आली नाही. याचे एक कारण खुद्द राइटनेच घालून दिलेले आहे. हर्स्टनची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' ही कादंबरी १९३७ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी 'न्यू मासेस' या डाव्या नियतकालिकात राइटने तिची हजेरी घेतली. या कादंबरीला ना विषय आहे, ना संदेश, ना विचार, असा त्याचा एकंदर अभिप्राय. काळ्यांच्या जगण्याचे गोऱ्या वाचकाला गंमत वाटेल असे चित्र ती रंगवते, हा दुसरा आरोप. "यात दलित काय आहे" या प्रश्नाचेच ते अमेरिकन रूप होते.

कादंबरीत असे आहे तरी काय? जेनी नावाच्या बाईची ती कथा. दोन लग्ने झालेली, चाळिशीच्या आसपासची ही बाई टी केक नावाच्या तिच्याहून तरुण माणसाबरोबर फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या काळ्या चिखलरानात मजुरीला जाते. ओकिचोबी नावाच्या अफाट, उथळ सरोवराच्या काठी घेवड्याचे आणि उसाचे मळे आहेत. हंगामात कुठून कुठून काळे मजूर येतात, झोपड्यांत राहतात, रात्री गातात, जुगार खेळतात, भांडतात. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या माणसांच्या कोप्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ही वस्ती परकी वाटणार नाही. आणि मग वादळ येते.

हे वादळ कल्पनेतले नाही. १६ सप्टेंबर १९२८ च्या रात्री ओकिचोबीचा दक्षिणेकडचा मातीचा बुटका बांध चक्रीवादळाने फुटला आणि सरोवर मळ्यांवर लोटले. मृतांचा आकडा पुष्कळ वर्षे १८३६ सांगितला जाई. २००३ साली अमेरिकन हवामान खात्याने तो किमान २५०० केला. मरणारे बहुसंख्य काळे शेतमजूर होते. नोंदलेला पत्ता नाही, पगारपुस्तक नाही, कोण आले होते आणि कोण बेपत्ता आहे हे सांगायला मागे कुणी नाही. मग आकडा जुळायचा कसा?

आता हर्स्टन काय करते ते पाहा. वादळाच्या आधी ती काही प्रसंग मांडते. सेमिनोल आदिवासी ओळीने पूर्वेकडे निघून जातात. ससे, साप, हरणे त्याच दिशेने जातात. एक ओळखीचा तरुण मोटारीतून चला म्हणून सांगायला येतो. टी केक जात नाही. घेवड्याला भाव आहे, मजुरी चांगली मिळते आहे. आणि मालक लोक आपापल्या मोठ्या घरांत निवांत आहेत, धोका असता तर ते थांबले असते का? आदिवासींना एवढे कळत असते तर हा देश त्यांच्या हातून गेला असता का, असेही तो बोलून जातो. म्हणजे झोपड्यांनी काळजी करण्याचे कामदेखील बंगल्यांवर सोपवलेले आहे. या कादंबरीतली मला सर्वांत भेदक वाटणारी जागा ही आहे. गुलामगिरीने माणसाचे श्रम घेतले हे आपण नेहमी म्हणतो. आपल्या घरावर काय येते आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची सवयसुद्धा तिने घेतली, हे हर्स्टन दाखवते. तेही एकही घोषणा न देता.

कादंबरीच्या नावाने आपल्यातला कुणीही थोडा बिचकेल. मीही बिचकले होते. बाबासाहेबांच्या विचारांवर वाढलेल्या वाचकाला देवाकडे लागलेले डोळे कसे रुचावेत? पण तो प्रसंग नीट वाचावा. दिवा विझलेला आहे, बाहेर वारा आहे, झोपडीत माणसे एकमेकांना धरून अंधाराकडे पाहत बसली आहेत. त्यात भक्ती नाही. निकालाची वाट पाहणे आहे. संध्याकाळपर्यंत जे डोळे मालकाच्या बंगल्याकडे लागले होते तेच आता आभाळाकडे लागले आहेत. नजर तीच, मालक बदलला. हर्स्टनला हा अर्थ संपूर्णपणे अभिप्रेत होता की नाही, हा वाद मी घालणार नाही. तिचा कल दैवाकडे आहे आणि बांध कुणी बांधला, इतका बुटका का बांधला, हा प्रश्न ती विचारत नाही. ही तिची मर्यादाच. पण मजकुरात जे आहे ते आहे.

पाणी चढते तेव्हा जेनी आणि टी केक पोहत, चालत एका पुलापाशी पोचतात. उंचावरची ती एकच जागा. पण ती गोऱ्यांनी आधीच व्यापलेली, आणखी कुणाला तिथे जागा नाही. दोघे पुढे जातात. हर्स्टन हे दोन वाक्यांत सांगून मोकळी होते. इथेच २००५ ची आठवण येते. मुंबईतल्या २६ जुलैच्या ९४४ मिलिमीटर पावसाला महिना होतो न होतो तोच, २९ ऑगस्टला कतरिना नावाचे वादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले आणि बंधारे फुटून न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. शहर सोडण्याचा हुकूम आदल्या दिवशी निघाला होता. पण हजारो कुटुंबांकडे मोटार नव्हती, आणि त्यात महिनाअखेर. १ सप्टेंबरला मिसिसिपी नदीवरच्या पुलावरून पलीकडच्या उपनगरात पायी निघालेल्या लोकांना, ज्यांत बहुसंख्य काळे होते, पोलिसांनी बंदुका दाखवून परत फिरवले. हर्स्टनच्या पुलावरही जागा नव्हती. सत्तर वर्षांत पूल पक्के झाले, एवढाच काय तो फरक. विषय नाही, विचार नाही म्हणून राइटने जी कादंबरी बाजूला सारली तिच्यात हा पूल होता.

वादळानंतरचा भाग तर प्रत्येक दलित वाचकाने वाचायलाच हवा. पाम बीच शहरात टी केक रस्त्यावर दिसतो आणि दोन बंदूकधारी गोरे त्याला धरून प्रेते पुरायच्या कामाला जुंपतात. तो कामगार आहे की नाही, त्याला यायचे आहे की नाही, कुणी विचारत नाही. मग हुकूम येतो : प्रेते नीट पाहून वेगळी करा, पेट्या फक्त गोऱ्यांसाठी आहेत, काळ्यांवर चुना टाकून बुजवा. प्रेते अशी झालेली की कातडी पाहून ओळख पटत नाही. टी केक उपहासाने असे काहीसे सुचवतो की या लोकांना देवाघरीही वेगळी पंगत मांडायची आहे. हीही कल्पना नव्हे. वेस्ट पाम बीचला गोऱ्यांची ६९ प्रेते वुडलॉन दफनभूमीत गेली आणि ६७४ काळ्यांची टॅमरिंड मार्गाजवळच्या एका खड्ड्यात. त्या खड्ड्यावर कित्येक दशके दगडाचीही खूण नव्हती.

हे वाचताना मला २००४ ची त्सुनामी आठवली. तमिळनाडूतल्या नागपट्टिनमला किनाऱ्यावरची प्रेते उचलायला ठिकठिकाणचे सफाई कामगार आणले गेले, आणि ते बहुतांशी दलित होते. निवारा छावण्यांत दलितांना वेगळे ठेवल्याच्या, मदत नाकारल्याच्या तक्रारी तेव्हा अभ्यासकांनी नोंदवून ठेवल्या आहेत. वादळ सर्वांना सारखे, असे म्हणणाऱ्याने त्याच्यानंतर प्रेते कोण उचलतो एवढे पाहावे.

पण माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाचे पुढेच आहे. टी केक त्या वेठीतून पळतो. तो पळतो ते अन्यायाची चीड येऊन नव्हे, निदान केवळ तेवढ्यासाठी नव्हे. जेनी एकटी घरात आहे, आपण कुठे गेलो हे तिला ठाऊक नाही, ती काळजीने झुरत असेल, या विचाराने तो पळतो. मागे बंदूकधारी आहेत, गोळी लागू शकते, तरी पळतो. इथे काळजी आणि विद्रोह वेगळे काढून दाखवा. वेठबिगार ज्या गोष्टीवर टिकते ती ही की, या माणसाची वाट पाहणारे कुणी नाही, असलेच तर त्याची पर्वा करण्याचे कारण नाही. टी केकचे पळणे त्या समजुतीला दिलेला नकारच आहे. फक्त त्या नकाराला जेनीचे नाव आहे, म्हणून राइटला तो दिसला नाही.

गंमत अशी की राइटने स्वतः हेच लिहिले होते. 'डाउन बाय द रिव्हरसाइड' ही त्याची दीर्घकथा १९३८ च्या 'अंकल टॉम्स चिल्ड्रन' या संग्रहात आहे. तिच्यात वादळ नाही, मिसिसिपीचा पूर आहे. मॅन नावाचा काळा शेतकरी अडलेल्या बायकोला चोरीच्या होडीतून दवाखान्यात नेतो आहे. वाटेत होडीचा गोरा मालक गोळ्या झाडतो, मॅन उलट झाडतो, तो मरतो. दवाखान्यात पोचेपर्यंत बायको गेलेली असते. रडायलाही वेळ न देता त्याला बांधाच्या कामावर धाडले जाते, पोरगा आणि म्हातारी दुसरीकडे नेली जातात, आणि शेवटी सैनिक त्याला गोळ्या घालतात. या कथेचा शेवट प्रसिद्ध आहे, पण तो मला तितका भावत नाही. तो आधीपासून दिसत असतो, राइट मॅनला जणू ओढत तिथवर नेतो. खरी ताकद पहिल्या भागात आहे : अंधारात वल्ही मारणारा माणूस, पाठीमागे कण्हणारी बायको, आणि किती वेळ झाला हे मोजायला काही नाही. तिथे राइट हर्स्टनच्या अगदी शेजारी बसलेला आहे. त्याच्या समीक्षेला ते कळले नाही, त्याच्या कथेला कळले होते.

जेस्मिन वॉर्डने हा धागा आपल्या काळात आणला. तिच्या 'साल्व्हेज द बोन्स' या कादंबरीला २०११ चे नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. मिसिसिपीच्या किनाऱ्याजवळचे एक गरीब काळे कुटुंब, आई बाळंतपणात गेलेली, बाप दारू पिणारा, पंधरा वर्षांची गरोदर मुलगी गोष्ट सांगते आहे. कतरिना येण्याआधीचे दिवस एकेक करून जातात. बाप एकटा तयारी करतो. बाटल्यांत पाणी भरून ठेवतो, खिडक्यांना फळ्या ठोकायला धडपडतो, त्यात हाताची बोटे गमावतो. सरकारी फोन येतो, त्यावर ध्वनिमुद्रित आवाज घर सोडा म्हणून सांगतो. जायचे कुठे आणि कशाने, हे त्या आवाजाला सांगायचे नसते. वॉर्ड या बापाला थोर करीत नाही. तो दारुडाच राहतो. मुलांवरचे प्रेम त्याला बोलून दाखवता येत नाही, म्हणून तो बाटल्या भरतो. शेवटी घरात पाणी शिरते, मुले माळ्यावर चढतात, तिथून छप्पर फोडून बाहेर निघतात. वॉर्डचे स्वतःचे कुटुंबही त्या दिवशी पाण्यात सापडले होते, आणि उंचावरच्या गोऱ्यांच्या घरात त्यांना आसरा मिळाला नव्हता, हे तिने मुलाखतीत सांगितले आहे. कादंबरीत तिने त्याचे भांडवल केले नाही. माझ्या मते अलंकार थोडे जास्त झाले आहेत, ग्रीक पुराणातल्या मीडियाचे दाखले मला अनेकदा आड येतात. पण बाटल्या भरणारा बाप मी विसरू शकत नाही.

विसरू शकत नाही याला कारण आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा माझे आईबाप म्हसळा तालुक्यातल्या आमच्या बौद्धवाडीत होते आणि मी मराठवाड्यात, नोकरीच्या गावी, टाळेबंदीत. दुपारी एकदा फोन लागला. वाऱ्याच्या आवाजात आईचे दोन शब्द कळले, मग लाइन गेली. नंतर विजेचे खांब पडले, मनोरे बंद झाले. वाडीतल्या काहींना शाळेत हलवले होते. आबा गेले नव्हते, कारण छपरावरचे पत्रे बचत गटाच्या कर्जातून घेतलेले होते आणि दोन शेळ्या होत्या. टी केक घेवड्याच्या भावासाठी थांबला, आबा पत्र्यांच्या हप्त्यांसाठी. चौथ्या दिवशी वाडीतला एक मुलगा मोटारसायकलवर, पडलेल्या झाडांतून वाट काढत, रेंज मिळेपर्यंत माणगावच्या बाजूला आला आणि त्याने वाडीतल्या साऱ्यांच्या नातेवाइकांना फोन लावले. मला म्हणाला, "ताई, घर गेलं, माणसं हायेत." एवढे बोलून त्याने फोन ठेवला. त्याला पुढचे नंबर लावायचे होते.

पुढे पंचनामे झाले. बागांची भरपाई हेक्टरी ५० हजार ठरली. आमच्या वाडीतली माणसे दुसऱ्यांच्या सुपारीवर चढतात, नारळ पाडतात. बाग आडवी झाली म्हणजे त्यांची पाचसात वर्षांची मजुरी आडवी झाली. पण त्यांच्या नावावर हेक्टर नाही, आणि जे हेक्टरात बसत नाही ते पंचनाम्यात बसत नाही.

त्या मुलाचा फोन मला अजून एका कारणासाठी आठवतो. गावगाड्यात मयताची बातमी परगावच्या सोयऱ्यांना पोचवण्याचे काम महारांकडे होते. ऊन, पाऊस, रात्र न पाहता तो जायचा, उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगायचा, आणि दुसऱ्याच्या घरच्या काळजीचा निरोप देऊन परत यायचा. त्याच्या स्वतःच्या झोपडीत त्या रात्री काय झाले, हे त्याला कोण सांगायला जात होते? पिढ्यान् पिढ्या आपण इतरांच्या काळजीचे हमाल होतो. तो मुलगा माझ्या पाहण्यातला पहिला, जो वाडीची बातमी वाडीच्याच माणसांना द्यायला निघाला होता. आपल्या आत्मकथनांत हे बळ कुठे कुठे आहे. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये आहे, ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये आयदाने विणत मुलांना वाढवणाऱ्या आईच्या रूपाने आहे. पण आपण ती पुस्तके प्रामुख्याने सामाजिक दस्तऐवज म्हणून वाचली. त्यांतल्या काळजीची समीक्षा करायला आपल्याजवळ परिभाषाच नव्हती.

कतरिनानंतर सरकार आणि वृत्तपत्रे बेघर झालेल्या काळ्यांना 'रेफ्युजी' म्हणू लागली तेव्हा जेसी जॅक्सन यांच्यासारख्या काळ्या पुढाऱ्यांनी आक्षेप घेतला : आम्ही आमच्याच देशात निर्वासित कसे? आक्षेप योग्यच होता. पण त्याहून जास्त सांगणारे एक दृश्य स्पाइक लीच्या २००६ च्या 'व्हेन द लेव्हीज ब्रोक' या माहितीपटात आहे. चित्रपटाचा संगीतकार टेरेन्स ब्लँचर्ड आपल्या आईला तिच्या बुडून गेलेल्या घरात घेऊन येतो. आई दार उघडते, आतले पाहते आणि कोसळते. मुलगा तिला धरतो. भाष्य नाही. या दृश्यात काळे काय आहे, असे कुणी विचारले तर त्याला शहराचा नकाशा दाखवावा लागेल : उंच जमीन कुणाच्या वाट्याला आली, सखल कुणाच्या, आणि कोणते बंधारे कच्चे राहिले. चर्चासत्रातल्या त्या मुलीनेही उत्तर द्यायचे ठरवले असते तर एवढेच विचारायचे होते की तिच्या आईचे घर ओढ्याच्या काठी कुणी नेऊन ठेवले.

हर्स्टनच्या रचनेकडे पुन्हा एकदा पाहिले पाहिजे. कुत्र्याच्या चाव्याने पिसाळलेल्या टी केकला जेनीला स्वतःच्या हाताने गोळी घालावी लागते. तो कुत्राही पुरातलाच, आणि चावा तिला वाचवताना झालेला. हे सारे संपवून ती आपल्या गावी परत येते, आणि कादंबरी खरे तर इथूनच सुरू होते. ओट्यावर बसलेली माणसे तिच्या कपड्यांवर, वयावर, गेलेल्या पैशावर बोलतात. तिच्यावर काय गुदरले हे कुणी विचारत नाही. एकटी फीबी, तिची मैत्रीण, झाकलेले भाताचे ताट घेऊन अंधारातून मागच्या दाराने येते. जेनी मागच्या पायरीवर बसून पाय धुते, जेवते आणि सांगू लागते. म्हणजे विषय नाही, संदेश नाही असे जिच्याविषयी म्हटले गेले ती सबंध कादंबरी एका बाईने दुसऱ्या बाईच्या काळजीला दिलेले उत्तर आहे. ओट्यावरच्यांसाठी ती लिहिलेली नाही. जेनी स्वतः त्यांच्यासमोर जात नाही. त्यांना सांगायचे असेल तर तू सांग, असे ती फीबीवर सोडून देते.